भाजीचे पैसे: रोख की स्कॅन?
वीजबिल, सिलिंडर, मुलांची फी बिनधास्त ऑनलाइन भरा. पावती शोधत बसावं लागत नाही. महिन्याचं गणित बिघडतं ते वीस-तीस रुपयांच्या स्कॅनमध्ये: कोथिंबिरीची जुडी, वडापाव, शेअर रिक्षा. या वरखर्चासाठी आठवड्याची रक्कम रोख काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. सुट्ट्या पैशांची कटकट नको (भाजीवाल्यालाही ती नकोच असते), तर यूपीआय लाइट, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलं छोट्या रकमांचं पाकीट, घ्या. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० रुपये राहतात, १,००० पर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो आणि पासबुकात प्रत्येक जुडीची ओळ उमटत नाही, फक्त पैसे भरल्याची नोंद दिसते. ऑटो टॉप-अप मात्र बंदच ठेवा. नाहीतर शिल्लक कमी झाली की खात्यातून आपोआप पैसे येतात आणि आठवड्याची मर्यादा नावापुरती उरते.