गोळी कोणती, हे ठाऊक नसण्याची नोकरी

शिरपूरला बी.फार्म. केलं आणि जळगावातल्या एका खासगी दवाखान्यात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे माणसांवरच्या औषधचाचणीची, कोऑर्डिनेटर म्हणून लागले. आईला अजूनही वाटतं, मी मेडिकल चालवते. या कामात येऊ पाहणारी मुलं फोन करतात ती जीसीपीच्या (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायलच्या नियमांच्या) सर्टिफिकेटबद्दल विचारायला. ते ऑनलाइन मिळतं, त्यात काही जीव नाही. अवघड आहे ते तोंड बंद ठेवणं.

बीपी यंत्रावर दिसतं, चिंता दिसत नाही. चिंतेच्या दोन औषधांत सरस कोणतं हे ठरवायचं तर बहुतेक वेळा हॅमिल्टन स्केल वापरतात. १९५९ सालचं हे स्केल १४ मुद्द्यांचं आहे. प्रत्येक मुद्द्याला ० ते ४ गुण, एकूण जास्तीत जास्त ५६. पेशंट काय सांगतो आणि रेटर, म्हणजे गुण देणारा माणूस, त्यातून काय समजतो, त्यावर आकडा ठरतो. नवं औषध मिळतंय असं पेशंटला कळलं की त्याला बरं वाटायला लागतं. रेटरला कळलं तर त्याचाही हात सैल पडतो. म्हणून डबल ब्लाइंड. पेशंटला माहीत नाही, डॉक्टरला नाही, मलाही नाही. एक औषध गोळी आणि दुसरं कॅप्सूल असेल तर प्रत्येकाला दोन्ही देतात, त्यातलं एक पोकळ, म्हणजे औषध नसलेलं. याला डबल डमी म्हणतात. समजवायला सोपं नाही, पेशंट म्हणतो, "मंग इतल्या गोया कसाले?"

पण गोळ्या दिसायला सारख्या केल्या तरी त्या वागतात वेगळ्या. अल्प्राझोलामच्या जातीची गोळी तासाभरात शांत करते, गुंगी आणते, सवयही लावू शकते. एस्सिटालोप्रामसारखीला दोन ते चार आठवडे लागतात, आणि सुरुवातीला पोटात मळमळतं. या खुणांवरून औषध ओळखू येतं, म्हणून साइड इफेक्ट विचारणारा माणूस आणि स्केल भरणारा रेटर वेगळे ठेवलेले बरे.

माझी चूक नेमकी इथेच झाली. यावलकडचे एक आबा व्हिजिटला आले होते. बाहेर चहाच्या टपरीवर त्यांच्या सूनबाई मला म्हणाल्या, "पहिल्या रात्रीपासूनच घोरायला लागले." मी आत जाऊन हसत हसत तेच रेटर मॅडमना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आता मी यांचं स्केल भरू शकत नाही." त्या आबांसाठी रेटर बदलावा लागला आणि डेव्हिएशनची, म्हणजे नियम चुकल्याची, नोंद मला स्वतःच्या हाताने लिहावी लागली. कुणाला कोणतं औषध, हे लिहिलेला कोडचा लिफाफा कुणी फोडला नव्हता. मीच बोलले होते.

स्केलचा तेरावा मुद्दा घाम, तोंडाला कोरड, चक्कर यांचा. मे महिन्यात जळगावात पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा या मुद्द्यावर अख्खं गाव आजारी ठरेल. रेटरने विचारावं, "सावलीत, पंख्याखाली बसल्यावरही येतो का? दरवर्षीपेक्षा जास्त?" आणि "टेन्शन आहे का?" असं तर विचारूच नये. कापसाचा भाव पडला की टेन्शन सगळ्यांनाच असतं. त्यापेक्षा माणसाला बोलू द्यावं. "मना जीव घाबरस" असं तो अहिराणीत आपणहून म्हणाला की पुढची अर्धी माहिती मिळते. (यावल-रावेरकडची लेवा बोली वेगळी, तिथे अहिराणी झाडली तर हसतात.)

प्लासिबोबद्दल कन्सेन्टच्या, म्हणजे संमती घेण्याच्या, वेळीच स्पष्ट सांगा: "तुम्हाला औषध नसलेली गोळीही मिळू शकते." लपवलंत तर पुढे विश्वास गेलाच. चिंतेच्या ट्रायलमध्ये प्लासिबोवरही बरेच जण सुधारतात. माझं मत विचाराल तर, दर व्हिजिटला कुणीतरी अर्धा तास शांतपणे ऐकतं, त्याचाही त्यात वाटा असणार. पेशंटला वाचता येत नसेल तर निःपक्ष साक्षीदार बसवायचाच. दवाखान्याचाच वॉर्डबॉय चालत नाही.

बाकी नियम पाठ होतात. भारतात २००९ पासून ट्रायलची नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, सक्तीची आहे. पेशंटच्या बाबतीत गंभीर घटना घडली तर २४ तासांत कळवायची. केळीच्या कापणीत पेशंट येत नाहीत, तेव्हा व्हिजिटच्या तारखा देताना आधी शेतीचं विचारा.

आणि बाटल्या. उरलेल्या गोळ्या मोजल्याशिवाय पेशंटने औषध घेतलं की नाही ते कळत नाही, म्हणून रिकामी असली तरी बाटली परत आणा, हे तीनदा सांगावं लागतं. मी एकदाच सांगितलं होतं. एका काकूंनी बाटली आणली खरी, पण आत मोहरी होती. गोळ्या म्हणे घरी डब्यात काढून ठेवल्यात.