शाखेच्या बाकड्यावरून: शिवसेनेच्या अंगीकृत संघटनांवर अभ्यास करू पाहणाऱ्यांसाठी

दर जून-जुलैत एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची किंवा पेटची (पीएच.डी.च्या प्रवेश परीक्षेची) तयारी करणारी दोन-तीन मुलं फोन करतात. "ताई, शिवसेनेवर करायचंय. विषय कसा मांडू?" मी उलट विचारते, कोणत्या शिवसेनेवर? पोरांना वाटतं मी ठाकरे की शिंदे असं विचारतेय. तसं नाही. शाखेतली सेना, कारखान्याच्या गेटवरची, बँकेच्या कँटीनमधली की कॉलेजच्या कट्ट्यावरची, हे मला आधी कळायला हवं असतं. पक्षावर लिहिणाऱ्यांची रांग मोठी आहे. भाषणं, युती, निवडणुका, ठाकरे घराणं यांवर एवढं लिहून झालंय की तुमच्या सिनॉप्सिसवर कमिटीतले सर जांभई देतील. अंगीकृत, म्हणजे पक्षाने आपल्या छत्राखाली घेतलेल्या, संघटनांवर मात्र अजून भरपूर काम शिल्लक आहे.

मी मूळची सांगली जिल्ह्यातली. पीएच.डी.साठी मुंबईत आले तेव्हा 'अंगीकृत' हा शब्दसुद्धा मला ठाऊक नव्हता. सिनॉप्सिसमध्ये मी 'आघाडी संघटना' लिहिलं होतं. पहिल्याच भेटीत एका जुन्या शिवसैनिकाने वाक्य तोडलं. "आघाडी फक्त महिलांची. बाकी सगळ्या अंगीकृत." त्या दिवसापासून वहीच्या मागच्या पानावर शब्दांची यादी सुरू केली. तुम्हीही करा. मुंबईत खालून वर गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख अशी उतरंड आहे. गावाकडे जो जिल्हाप्रमुख, साधारण त्याच तोलाचा मुंबईत विभागप्रमुख. महिला आघाडीत 'प्रमुख' नाही, 'संघटक'. युवासेनेत 'अधिकारी'. युवासेनेच्या पोराला 'शाखाप्रमुख' म्हणालात तर तो खूश होईल, पण शेजारी बसलेला खरा शाखाप्रमुख होणार नाही.

इतिहासाची उजळणी थोडक्यात करते, कारण ती कुठेही मिळते. बाळासाहेबांचं 'मार्मिक' साप्ताहिक १९६० मध्ये सुरू झालं, पक्ष १९ जून १९६६ ला स्थापन झाला, आणि त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला शिवाजी पार्कवर पहिला दसरा मेळावा झाला. १९६८ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत ४२ नगरसेवक आले. त्याच वर्षी भारतीय कामगार सेना निघाली, दत्ता साळवी तिचे नेते. १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले. ही दोन वर्षं शेजारी ठेवून पाहा. गिरणगावात लाल बावट्याच्या युनियनशी झुंज चालू असतानाच कामगार सेना उभी राहते, हा योगायोग नव्हे. पुढे सुधीर जोशी यांच्या नेतृत्वाखाली, नोकऱ्यांत मराठी माणसांना जागा मिळाव्यात म्हणून झगडणाऱ्या स्थानीय लोकाधिकार समित्या बँका, विमा कंपन्या आणि विमानसेवेत पसरल्या. मग विद्यार्थी सेना. मग १९९६ मध्ये अंधेरीत मायकेल जॅक्सनला नाचवून जिच्यासाठी पैसे उभे केले ती शिवउद्योग सेना. आणि २०१० च्या दसरा मेळाव्यात आदित्य ठाकरेंची युवासेना. शिवाय वाहतूक सेना, चित्रपट सेना, शिक्षक सेना. यातलं एक काहीतरी पकडा. सगळं धरायला गेलात तर सात वर्षं जातील आणि हातात एक तक्ता राहील.

आता माझी फजिती सांगते. विद्यापीठात शिकल्याप्रमाणे मी ४२ प्रश्नांची प्रश्नावली छापून घेतली आणि मध्य मुंबईतल्या एका शाखेत गेले. किल्ल्याच्या बुरुजासारखी दर्शनी भिंत, आत बाळासाहेबांची तसबीर, त्याखाली टेबल, समोर दोन लाकडी बाकडी. शाखाप्रमुखांनी चहा मागवला आणि गठ्ठा ठेवून घेतला. "मॅडम, पोरांकडून भरून घेतो. शुक्रवारी या." शुक्रवारी गेले तर साठच्या साठ प्रती तयार! घरी येऊन बघते तर अक्षर तीनच जणांचं. 'पक्षात का आलात?' या प्रश्नाला साठही ठिकाणी एकच उत्तर: 'बाळासाहेबांच्या विचारांनी प्रेरित होऊन.' एकाने 'प्रेरित'ची वेलांटी चुकवली होती, ती पुढच्या अठरा प्रतींत तशीच उतरली होती.

गाइडना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, ही फुकट गेलेली माहिती नाही, पण तुला हवी होती तीही नाही. आता तिथे नुसती बसायला जा.

म्हणून बसायला लागले. संध्याकाळी साडेसात ते दहा, आठवड्यातून चार दिवस. पहिले दोन आठवडे माझ्याशी कोणी धड बोलेना. मग एके दिवशी एका आजींचा पाण्याच्या जोडणीचा अर्ज लिहायला कोणी नव्हतं. कार्यालय सांभाळणारे काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं अक्षर बरं दिसतंय." मी अर्ज लिहिला. त्या रात्री आणखी तीन लिहिले. पुढच्या महिन्यात मी त्या शाखेची जवळजवळ बिनपगारी कारकून झाले, आणि प्रबंधातली निम्मी माहिती त्या अर्जांमुळे मिळाली. रेशनकार्डात नाव चढवणं, शाळेतला प्रवेश, सरकारी रुग्णालयातली खाट, नवरा-बायकोचं भांडण, मीटरचं बिल. कोण कोणाच्या ओळखीने येतं, कोणाचं काम त्याच दिवशी होतं, कोणाला 'उद्या बघू' मिळतं, हे बाकड्यावरून स्वच्छ दिसतं. '८० टक्के समाजकारण, २० टक्के राजकारण' या घोषणेवर वर्गात वाद घालण्यापेक्षा एक महिना अर्ज मोजा. (जाता जाता: सेनेत दोन '८० टक्के' आहेत. दुसरा म्हणजे नोकऱ्यांत स्थानिकांना ८० टक्के जागा. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत मी यांची गल्लत केली होती. तुम्ही करू नका.)

मुंबई महापालिकेचे प्रभाग २२७, आणि शाखा साधारण प्रभागाला एक. तेव्हा 'शाखांचा अभ्यास' असं भव्य काही लिहू नका. दोन पुरेत. एक चाळींच्या भागातली, एक उपनगरातली.

महिला आघाडीकडे मी संध्याकाळीच जायचे आणि रिकाम्या हाताने परतायचे. पुरुष बसलेले असताना बायका आत टेकतच नव्हत्या, दारातून निरोप देऊन निघून जात. एका शाखा संघटक ताईंनी खडसावलं, "अगं, आमची वेळ तीन ते पाच. जेवणं-भांडी उरकली की. आणि शाखेत नाही, माझ्या घरी." तिथे मला निराळाच पक्ष भेटला. हळदीकुंकवाच्या याद्या, भिशीचा हिशोब, सासरी छळ झालेल्या मुलीला रात्री आणायला रिक्षा कोणी काढायची याची ठरलेली माणसं. मोर्चात पुढे राहणाऱ्या बायका नेमक्या याच. पोलीस पुरुषांवर लाठी उचलतात तशी आमच्यावर पटकन उचलत नाहीत, हे त्या स्वतःच मोकळेपणाने सांगत. पद विचारलं की हसत. त्या ताई म्हणाल्या, "पाटीवर नाव कोणाचं ते बघू नकोस. रात्री दोनला हाक कोणाच्या दारात जाते ते बघ." माझ्या तिसऱ्या प्रकरणाची सगळी पद्धतच या वाक्यातून निघाली. संदर्भ म्हणून मात्र कुठल्यातरी परदेशी प्राध्यापकांचं नाव टाकावं लागलं.

लोकाधिकारचं काम कागदांवर चालायचं. त्यातली जुनी माणसं आता निवृत्त आहेत, डोंबिवली, बोरिवली, ठाण्यात राहतात आणि बोलायला उत्सुक असतात. भरतीच्या जाहिराती, कोणत्या खात्यात किती मराठी याची हाताने आखलेली कोष्टकं, बँकेच्या परीक्षेच्या मार्गदर्शन वर्गांची पत्रकं, हे सगळं माळ्यावरच्या ट्रंकेत पडलंय. घर रंगवायला काढलं की रद्दीत जाईल. जमेल तितक्या लवकर जा, आणि मोबाइलवर नीट फोटो काढा. एका काकांनी फाइल उघडायच्या आधी माझी परीक्षा घेतली: "तुमच्या गावात किती मराठी पोरं बँकेत लागली?" मला आकडा येईना. "मग आम्ही तरी कसे मोजत होतो?" असं म्हणत त्यांनी रजिस्टर पुढ्यात सरकवलं.

कामगार सेनेवर काम करणार असाल तर थोडा कायदा शिका. युनियन म्हणजे पक्षाची नुसती शाखा नव्हे. मी अभ्यास करत होते तेव्हा ती १९२६ च्या कामगार संघटना कायद्याखाली नोंदलेली स्वतंत्र संस्था असायची. तिची घटना वेगळी, वर्गणी वेगळी, बँक खातं वेगळं, निबंधकाकडे दरवर्षी विवरणपत्र. महाराष्ट्रात तेव्हा १९७१ च्या कायद्यानुसार मान्यताप्राप्त युनियन व्हायला निदान ३० टक्के सभासद लागत. म्हणून गेटवरचा झेंडा आणि करारावरची सही यांत अंतर असू शकतं. १९८२ च्या गिरणी संपात कामगार नेते दत्ता सामंतांमागे सुमारे अडीच लाख कामगार गेले. घरावर सेनेचा भगवा आणि संपात सामंत, अशी माणसं मला लालबागमध्ये डझनभर भेटली. त्यांना त्यात काही विसंगत वाटत नव्हतं. मलाच वाटत होतं, म्हणून मी खोदून खोदून विचारत होते.

हा कायद्याचा भाग मला पुढे फार उपयोगी पडला. जून २०२२ मध्ये माझं दुसरं प्रकरण टाइप होत आलं होतं आणि पक्षच दुभंगला. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. मशाल हे चिन्ह ठाकरे गटाकडे राहिलं. मला वाटलं, तीन वर्षं पाण्यात. झालं उलटंच. आयोगाचा निर्णय पक्षाचं नाव आणि चिन्ह यांच्यापुरता होता. नोंदलेल्या युनियनचे पदाधिकारी, शाखेची जागा, बायकांचं भिशी मंडळ, यांतलं काय कोणाकडे गेलं हे प्रत्येक ठिकाणी निराळं ठरत होतं. एका शाखेत पाटी तीच, माणसं गेली. दुसरीकडे माणसं तीच, पाटी बदलली. अंगीकृत संघटना पक्षाला किती घट्ट बांधलेल्या आहेत हे पक्ष अखंड असताना मला दिसलंच नव्हतं.

याच वेळी मी पक्षाची घटना पहिल्यांदा नीट वाचली. आमदार अपात्रतेच्या प्रकरणात १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी १९९९ ची घटना ग्राह्य धरली, कारण २०१८ चे बदल आयोगाच्या दप्तरी नव्हते. इतका मोठा वाद आणि तो अडला कशावर, तर फाइलला कोणता कागद लागला होता यावर! शाखेतल्या एकाही माणसाने मला पक्षाची घटना कधी दाखवली नव्हती. मीही मागितली नव्हती, हे जास्त वाईट. तुम्ही पहिल्या महिन्यात मिळवा.

एक गोष्ट टाळू नका. ज्या बाकड्यावर तुम्ही प्रेमाने चहा पिता, त्याच जाळ्याचा दुसरा वापरही झालेला आहे. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींवरील न्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात मुसलमानांवरील हल्ल्यांच्या संदर्भात शाखाप्रमुखापासून शिवसेनाप्रमुखांपर्यंतच्या नेत्यांची जबाबदारी स्पष्ट शब्दांत नोंदवलीय. अहवाल आधी वाचा, मग शाखेत जा. मी उलट क्रमाने केलं आणि वाचताना दोन दिवस जेवण गेलं नाही, कारण ज्यांनी मला लेकीसारखं वागवलं त्यांच्याच वयाची ती माणसं होती. नंतर मी त्याबद्दल विचारलं. दोघं उठून गेले, एक जण बराच वेळ बोलला. तिन्ही गोष्टी मी प्रबंधात लिहिल्या. आणि शाखेजवळच्या मुसलमान मोहल्ल्यात जाऊन 'शाखा' हा शब्द तिथे कसा ऐकला जातो तेही विचारलं. हे नसेल तर तुमचा प्रबंध म्हणजे स्मरणिका होईल.

करिअरचं विचाराल तर भाबडी आशा लावत नाही. नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आधी काढा, प्रबंधाची वाट बघत थांबू नका. कायम जागा दुर्मीळ आहेत. मी स्वतः चार वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. वर्तमानपत्रं, सर्वेक्षण संस्था, निवडणुकीच्या काळात उगवणाऱ्या सल्लागार कंपन्या इथे अशा अभ्यासाला मागणी असते. अशाच एका कंपनीचा मला फोन आला. पगार माझ्या तेव्हाच्या कमाईच्या तिप्पट. काम काय, तर गटप्रमुखांची नावं, नंबर, कोण नाराज आहे याची यादी. माझ्या वहीत ती सगळी होती. नाही म्हणायला मला एक रात्र लागली, हे कबूल करते. नावं सांकेतिक लिहा, किल्ली वेगळ्या वहीत ठेवा आणि ती वही मुंबईबाहेर ठेवा. माझी गावी आईच्या कपाटात आहे.

पदवी मिळाल्यावर बांधलेली एक प्रत घेऊन मी त्या पहिल्या शाखेत गेले. कार्यालयवाल्या काकांनी चष्मा लावून पानं उलटली, अनुक्रमणिका बोटाने वाचत गेले. मग म्हणाले, "पोरी, यात आमच्या शाखेचं नाव कुठाय?" मी समजावलं, नावं बदललीत, तुमच्याच भल्यासाठी. तुमची शाखा म्हणजे 'शाखा अ'. त्यांना ते अजिबात पटलं नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या कोऱ्या पानावर शाखेचं नाव, क्रमांक आणि त्याखाली स्वतःचं पूर्ण नाव वळणदार अक्षरात लिहून टाकलं.