पाच कुर्ते, तीन सलवारी, पण आधी ओढणी भिजवा

आधी ओढणी भिजवून पाहा, रंग सुटतो का. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

मागच्या उन्हाळ्यात मी वहीत ऑफिसच्या कपड्यांचा हिशेब मांडला होता. पाच कुर्ते, तीन सलवारी म्हणजे १५ जोड, तीन ओढण्या धरल्या तर ४५. पंचायत समितीत दोन महिने तरी तोच ड्रेस पुन्हा दिसणार नव्हता! मे महिन्यात एसटीत पाऊण तास उभी होते, घामाच्या धारा, आणि नव्या मरून ओढणीनं पांढऱ्या कुर्त्याचा गळा गुलाबी करून टाकला. शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "काय जी मॅडम, होळी तर केव्हाच झाली नं!" घरी येऊन तो कुर्ता अन् ओढणी मोतिया सलवारीसोबत एकाच बादलीत घातली. सलवारही गेली. मरून ओढणीची धास्ती बसली, म्हणून तीही बाद. चार गुणिले दोन गुणिले दोन, उरले १६.

तर, कपाट पलंगावर उपडं करा. न होणारं बाजूला. सलवारी आधी ठरवा, तिन्ही साध्या: काळी, मोतिया, गडद निळी. कुर्ते पाचातले दोनच छापील, आणि छापात यातला एखादा रंग हवाच, नाही तर तो कुर्ता एकाच सलवारीचा गुलाम होतो. रंग दुकानाच्या दाराशी, उजेडात पाहा. ट्यूबलाइटखाली काळा अन् गडद निळा सारखाच दिसतो. एक कुर्ता खादीचा घ्या. २०२० च्या शासन परिपत्रकात शुक्रवारी खादी वापरायला सांगितलंय, अन् तसंही विदर्भातल्या उन्हात तीच अंगाला बरी वाटते. सुती कुर्ता धुतल्याशिवाय शिंप्याकडे नेऊ नका, तो आटतो.

आता पुन्हा ओढणी. लाल, मरून, गडद निळी, बांधणी, बाटिक, यांच्यावर तर बिलकुल भरवसा नको. ओढणीचा कोपरा मिठाच्या कोमट पाण्यात ओला करा, पांढऱ्या सुती चिंधीत गुंडाळून दाबा, दहा मिनिटांनी घासून पाहा. मीठ यासाठी की घाम खारट असतो. साध्या पाण्यात गप्प बसलेला रंग घामात सुटू शकतो. चिंधी रंगली तर ओढणी वेगळी धुवा, पुन्हा पाहा, पुन्हा धुवा. मीठ-तुरटीत बुडवली की रंग पक्का होतो, असं दुकानदार सांगतो. त्याच्या बोलण्यावर जाऊ नका, चिंधी काय सांगते ते पाहा. तरीही रंग सुटत असेल तर ती ओढणी फक्त गडद कुर्त्यावर. आणि वहीत जोड मांडायचे ते हे सगळं झाल्यावर, माझ्यासारखे आधी नाही.

पावसाळ्यात मोतिया सलवार ट्रंकेत टाका. काळ्या मातीच्या चिखलाशी भांडून कोणी जिंकत नाही. स्कूटीवर ओढणीला मागून गाठ मारा, चाकात जाते.

नाडी, बटणं, सेफ्टी पिना. इस्त्री रात्रीच, सकाळी लाइन जाते. पांढरी चिंधी कपाटातच ठेवा. दिवाळीला नवी ओढणी येईल तेव्हा शोधत बसाल.