‘लक्ष दे!’ ओरडून लक्ष लागत नाही: या चुका टाळा

पालकसभेत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, “हुशार आहे हो, पण लक्षच देत नाही.” मी चौथीला शिकवते. प्रगतिपुस्तकात हे वाक्य मीही वर्षानुवर्षं लिहिलं. आता लिहीत नाही, कारण ते वाचून घरी काय करायचं, हे आईबाबांना कळत नाही. मूल नेमकं कुठे निसटतं ते आधी बघावं लागतं.

माझी सगळ्यात मोठी चूक सूचनांची. “वही काढा, समास आखा, तारीख टाका आणि स्वाध्याय १२ मधलं तिसरं गणित सोडवा.” एका दमात चार कामं! मधल्या बाकावरचा एक मुलगा पट्टीने छान समास आखायचा आणि मग शेजारच्याच्या वहीत डोकवायचा. मी खेकसायचे, “स्वतःचं बघ!” तो बिचारा उत्तर चोरत नव्हता, कुठलं गणित ते शोधत होता. डोक्यात तात्पुरतं धरून ठेवायची जागा मोठ्यांचीही तोकडीच, एका वेळी साधारण चार गोष्टींची. लहान मुलांची त्याहून कमी. आता दोनच सूचना देते, गणिताचा क्रमांक फळ्यावर लिहिते आणि कुणालातरी विचारते, “काय करायचंय, सांग बरं?”

वजाबाकीतही हेच होतं. ५२ वजा २७ करताना ज्याला १२ मधून ७ बोटांवर मोजून काढावे लागतात, त्याचं सगळं लक्ष तिथेच खर्ची पडतं. पाचातला एक दशक आधीच सुटा केलाय हे डोक्यातून जातं आणि उत्तर येतं ३५. त्यावर लाल पेनने ‘निष्काळजीपणा’ लिहून काय उपयोग? पाच खोडून वर चार लिहायची सवय लावा आणि वीसपर्यंतच्या बेरजा-वजाबाक्या तोंडपाठ करून घ्या.

“आवाज बंद आहे, नुसता टीव्ही चालू आहे,” हेही नेहमीचं. अहो, चित्र हलतंय ना! आम्ही शिक्षकही यात मागे नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी बालवाडीच्या २४ मुलांना कधी मोकळ्या भिंतींच्या, कधी तक्त्यांनी भरलेल्या वर्गात शिकवून पाहिलं. भरलेल्या वर्गात मुलं जास्त विचलित झाली आणि शिकली कमी. हे वाचल्यावर फळ्याशेजारचे तक्ते मी मागच्या भिंतीवर नेले. (‘बोलक्या भिंती’ हव्यात म्हणणाऱ्यांना ते फारसं रुचलं नाही.)

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं, ते झोपेसाठीच. पण शाळा उशिरा म्हणून मूलही रात्री उशिरा झोपलं, तर हिशेब तिथल्या तिथेच. आणि गोड खाल्ल्याने मुलं चंचल होतात ही समजूत सोडून द्या. तपासण्यांमध्ये ती टिकलेली नाही.

रील बघून मुलाला ‘एडीएचडी’ (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार) ठरवून टाकणं मात्र महागात पडतं. डॉक्टर त्यासाठी निदान सहा महिन्यांची लक्षणं बघतात, तीही घरी आणि शाळेत अशा एकाहून जास्त ठिकाणी, आणि बाराव्या वर्षाच्या आत सुरू झालेली. नुसत्या गणिताच्या तासाला मूल चुळबुळत असेल, तर आधी गणितच तपासा.

डोळे आणि कानही तपासा. माझ्या वर्गातली एक मुलगी कधी दंगा करायची नाही, म्हणून तिच्याकडे कुणाचं लक्षही जायचं नाही. मी समोर बघून बोलले की तिला सगळं कळे. फळ्याकडे वळून बोलले की ती हरवायची. सर्दीनंतर कानात पडद्यामागे पाणी साठलं होतं. तेव्हापासून दर सत्राच्या सुरुवातीला मी तोंडासमोर वही धरून दहा शब्दांचं श्रुतलेखन घेते आणि कोण अडखळतं ते टिपून ठेवते.