टीव्हीच्या जागी गोठा

नाताळच्या दिवसांत टीव्ही लावायचा नाही, असे घरात नुसते बजावून काही साधत नाही. आमच्या वसईच्या घरी एका वर्षी आम्ही रिमोट कपाटात ठेवून दिला आणि तिसऱ्याच संध्याकाळी तो बाहेर आला, कारण सात वाजल्यानंतर मुलांच्या हातांना दुसरे कामच नव्हते. तेव्हापासून आम्ही आधी काम ठरवतो. त्यातही एकट्याने उरकणार नाही आणि एका दिवसात संपणार नाही असे काम निवडले, की संध्याकाळ आपोआप भरते.

सुरुवात बैठकीच्या खोलीपासून करावी. तिथल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडे टीव्हीकडे असतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टीव्ही आतल्या खोलीत हलवावा आणि त्याच टेबलावर ख्रिस्तजन्माचा गोठा उभारायला घ्यावा. बाजारात मिळणारा तयार देखावा आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संत फ्रान्सिस यांनी १२२३ मध्ये इटलीतील ग्रेचो गावी ख्रिस्तजन्माचा देखावा उभा केला, तेव्हा त्यात चाऱ्याने भरलेली गव्हाण, बैल आणि गाढव होते. आपल्याही घरी छपराला भाताचा पेंढा, भिंतींना केळीची वाळलेली सोपटे आणि डोंगरासाठी चुरगाळून मातीच्या पाण्यात बुडवलेला जाड कागद पुरतो. गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी १२ डिसेंबरच्या सुमारास रात्रभर भिजवलेली नाचणी किंवा गहू पसरट ताटात मातीच्या पातळ थरावर पेरावा, दोन दिवस ओल्या फडक्याने झाकावा आणि पुढे रोज सकाळी हातानेच पाणी शिंपडावे. हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे द्यावे. कोंब किती वर आले हे पाहण्यासाठी ते उठल्याउठल्या ताटाकडे धावते, हे मी दरवर्षी पाहते.

चांदणी घरीच करायची असेल, तर बांबूच्या सारख्या लांबीच्या, साधारण साठ सेंटिमीटरच्या दहा कामट्या तासून घ्याव्यात. पाच-पाच कामट्यांच्या दोन पंचकोनी चांदण्या बांधाव्यात, त्या एकमेकींवर ठेवून पाचही टोके सुतळीने आवळावीत आणि आतल्या पाच कोपऱ्यांत दहा-बारा सेंटिमीटरच्या आडव्या काड्या बसवून मध्ये पोकळी करावी. या काड्या बसवताना एकाने सांगाडा धरावा लागतो आणि दुसऱ्याने बांधावे लागते. मग पतंगाचा कागद मैद्याच्या खळीने चिकटवावा, खळ पूर्ण वाळू द्यावी आणि आत कमी उष्णतेचा एलईडी दिवाच लावावा.

फराळातल्या कलकलचा, म्हणजे शंखाच्या आकाराच्या तळलेल्या गोड पदार्थाचा, दिवस मात्र अख्खा मोकळा ठेवावा, कारण टीव्हीला खरा पर्याय मला तिथेच सापडला आहे. अर्धा किलो मैद्यात चिमूटभर मीठ, शंभर ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे गरम तूप आणि एक अंडे घालून नारळाच्या दाट दुधात पीठ घट्ट मळावे व अर्धा तास झाकून ठेवावे. त्यानंतर सगळ्यांनी ताटांभोवती बसावे. काट्याच्या मागच्या बाजूला तेलाचा हात लावायचा, गोटीएवढी गोळी त्यावर अंगठ्याने दाबत पसरवायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची, म्हणजे अंगावर रेघा असलेला छोटा शंख तयार होतो. शेवटची कड नीट दाबली नाही, तर तो तेलात उलगडतो. तळताना आच मध्यम ठेवावी, नाहीतर बाहेरून लाल होऊन आत पीठ कच्चे राहते. एवढ्या पिठाचे शंख वळायला चार माणसांना दोन-अडीच तास लागतात आणि त्या वेळात हात पिठात असल्यामुळे मोबाइलही कोणी उचलत नाही. अशा वेळी आजीला तिच्या लहानपणीच्या नाताळविषयी विचारावे. आमच्याकडे वसईतल्या सामवेदी बोलीतली गाणी तिला अजून तोंडपाठ आहेत. मुलांनी ती वहीत तिच्याच उच्चारांप्रमाणे उतरवून घ्यावीत, कारण घराघरांतून ही बोली वेगाने कमी होत आहे.

रात्री जेवणानंतरची पंधरा मिनिटे वाचनासाठी राखावीत. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये गोव्यात छापले गेलेले ख्रिस्तपुराण ओवीबद्ध मराठीत आहे आणि ओवी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा कानांनी ऐकण्यासाठीच असते. येशूजन्माच्या भागातल्या रोज दहा ओव्या एकाने म्हणाव्यात आणि जुने शब्द अडले, तर मोठ्यांनी थांबून अर्थ सांगावा.

फराळाची ताटे २४ तारखेच्या आत शेजारी पोहोचवावीत. दिवाळीत ज्या घरांतून आपल्याकडे करंज्या-चकल्या आल्या, त्या घरी मुलांनी स्वतः जावे आणि दारातून परत न फिरता दहा मिनिटे बसावे. ज्या घरी वृद्ध माणसे एकटीच असतात, तिथे ताट देऊन निघण्याऐवजी त्यांच्या अंगणात चांदणी टांगून द्यावी. उंचावर चढण्याचे काम त्यांना जमत नाही आणि सणाला अंगण अंधारात राहिलेले त्यांना खुपते.

मध्यरात्रीच्या मिस्सेहून, म्हणजे चर्चमधल्या उपासनेहून, परतल्यावर बाळयेशूची मूर्ती गव्हाणीत ठेवावी. तोपर्यंत गव्हाण रिकामीच असावी. टीव्ही परत आणण्याची घाई मात्र २५ तारखेला करू नये. बाळयेशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या मूर्ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला खिडकीत ठेवाव्यात आणि मुलांनी रोज संध्याकाळी त्यांना एकेक वीत पुढे सरकवत ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणादिवशी, गोठ्यापाशी आणावे. दुसऱ्या दिवशी मूर्ती वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात ठेवाव्यात, कामट्यांचा सांगाडा माळ्यावर टांगावा आणि ताटातली हिरवळ शेजारच्या गाईला घालावी.