ग्रॅव्हिटी थांबली म्हणजे बिअर झाली, असं नाही

बी.एस्सी. मायक्रो संपवून सावद्याला घरी आलो आणि बाबांना सांगितलं की बिअरच्या लाइनला जायचंय. बाबा माळकरी. नुकतेच केळीच्या बागेतून आले होते, पायाला गाळ तसाच. म्हणाले, "म्हंजे आता तू दारू गायशीन का रे?" आमच्याकडे 'ळ'चा 'य' होतो. पुढे पुण्यातल्या रूममेटला हा किस्सा सांगितला तर तो महिनाभर मला 'गवई' म्हणत होता.

आता फैजपूर, अमळनेर, शिरपूरकडची पोरं फोन करतात. प्रश्न ठरलेला असतो: "दादा, क्राफ्टमध्येच यायचंय, मोठ्या कंपनीत नको. तिथे काय, पिवळं पाणी बनवतात." क्राफ्ट म्हणजे छोट्या ब्रुअऱ्यांतली बिअर. मीही असंच म्हणायचो. २००९ साली पुण्यात डूलाली ही मायक्रोब्रुअरी, म्हणजे जागेवरच बिअर बनवून विकणारी छोटी ब्रुअरी, सुरू झाली तेव्हा मी आठवीत होतो. पण कॉलेजात पोचेपर्यंत मायक्रोब्रुअरी हा शब्द आमच्या होस्टेलच्या भिंतीला चिकटला होता. त्यामुळे वाळूजच्या एका मोठ्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा मला ती शिक्षाच वाटली. तीन वर्षं काढली तिथे. पहिले चार महिने फक्त सीआयपी, म्हणजे टाक्या धुणं. गरम कॉस्टिक, पाणी, अ‍ॅसिड, पाणी, मग जंतू मारायला पेरासेटिक. स्वप्नातसुद्धा व्हॉल्व्ह दिसायचे.

माझं स्पष्ट मत आहे: आधी दोन वर्षं तरी मोठ्या प्लांटमध्ये काढा. तुम्हाला ती बिअर आवडते की नाही, हा मुद्दाच नाही. तांदूळ किंवा मका घालून हलकी केलेली, मुद्दाम घट्ट बनवून नंतर ऑक्सिजन काढलेलं पाणी मिसळून ठरलेल्या ताकदीला आणलेली, गाळलेली, पाश्चराइज केलेली लागर, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेली बिअर. सगळं मान्य. पण मे महिन्यात भुसावळला पंचेचाळीस डिग्रीत उघडलेली बाटली आणि जानेवारीत नाशिकला उघडलेली बाटली चवीला सारखी लागते ना? ती तशी लागावी म्हणून रात्रपाळीत कोणीतरी दर काही तासांनी सॅम्पल काढत असतं. आणि ज्या शुद्ध यीस्टवर आपण क्राफ्टवाले उड्या मारतो, ते वेगळं काढून वाढवण्याचं तंत्र १८८३ साली कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये एमिल हान्सेनने बसवलं. तेव्हाही कार्ल्सबर्ग ही काही गल्लीतली भट्टी नव्हती.

मुलाखतीत हमखास विचारतात म्हणून एवढं सांगून टाकतो. क्राफ्ट आणि रिअल एल एकच नाही. (एल म्हणजे लागरपेक्षा उबेत आंबवलेली बिअर.) मी पहिल्या मुलाखतीत "दोन्ही हाताने बनवलेल्या" असं ठोकून दिलं होतं. समोरचे सर चहा पिता पिता थांबले. रिअल एल हा इंग्लंडातला शब्द, १९७१ साली सुरू झालेल्या 'कॅमरा' या ग्राहकांच्या चळवळीने रुजवलेला. बिअर ज्या पिंपातून ग्लासात भरायची त्याच पिंपात यीस्ट जिवंत ठेवायचं, दुसऱ्यांदा आंबू द्यायचं, बाहेरचा गॅस घालायचा नाही, आणि तळघराच्या थंडाव्याला, अकरा ते तेरा डिग्रीला ठेवून हातपंपाने ओढायची. पिंप उघडलं की हवा आत जाते, मग तीनेक दिवसांत संपवावं लागतं. क्राफ्टला असं कुंपण नाही. क्राफ्ट बिअर गाळलेली असू शकते, गॅस भरलेली असू शकते, केगमधली, म्हणजे गॅसच्या दाबाखालच्या बंद पिंपातली असू शकते. जळगावच्या उन्हाळ्यात तळघर तेरा डिग्रीला ठेवायचं तर केळीच्या रायपनिंग चेंबरचं भाडं भरणं परवडेल, तेव्हा या प्रकरणात फार जीव गुंतवू नका.

आता मी जिथे आपटलो ते.

वाळूज सोडून पुण्यात एका छोट्या ब्रुअरीत ब्रुअर झालो. हजार लिटरच्या चार टाक्या, मालक उत्साही, आणि मी हवेत. लॅब नव्हती. म्हटलं, लॅब मोठ्यांना लागते, आपल्याला नाक आहे. एक लागर लावली, अकरा डिग्रीला. आठव्या दिवशी ग्रॅव्हिटी, म्हणजे साखर किती उरली ते सांगणारं माप, अडीच प्लेटोवर आली (प्लेटो हे त्याचं एकक), नवव्या दिवशीही तेवढीच. मालक म्हणाला शनिवारी मॅच आहे, टॅपवर पाहिजे. मी टाकीभोवती ग्लायकॉल (गारवा देणारं द्रव) सोडला आणि टाकी थेट एक डिग्रीला नेली. चाखली. स्वच्छ, कुरकुरीत, एकदम झकास. शनिवारी लोकांनी वाहवा केली.

दहा दिवसांनी एका गिऱ्हाइकाने वेटरला विचारलं, "यात पॉपकॉर्न टाकलंय का?" मी चाखली, मला काही कळेना. पुन्हा चाखली. मग किचनमधल्या पोराने ग्लास नाकाजवळ नेला आणि म्हणाला, "सर, लोणी कढवल्यासारखं." निम्मी टाकी गटारात गेली.

झालं काय होतं ते नीट सांगतो, कारण बऱ्याच जणांचा इथेच गोंधळ होतो. तो लोण्याचा वास डायअ‍ॅसेटिलचा. पण यीस्ट थेट डायअ‍ॅसेटिल टाकत नाही. ते वाढत असताना अल्फा-अ‍ॅसिटोलॅक्टेट नावाचं एक द्रव्य बिअरमध्ये सोडतं. त्याला ना वास ना चव. ते हळूहळू, यीस्टच्या मदतीशिवाय, आपोआप डायअ‍ॅसेटिल बनतं. उष्णता आणि हवा मिळाली तर लवकर. मग यीस्ट ते डायअ‍ॅसेटिल परत गिळतं आणि त्याचं बिनवासाचं काहीतरी करून टाकतं. म्हणजे घाण करणारं आणि झाडू मारणारं, दोन्ही यीस्टच. मी ग्रॅव्हिटी थांबल्याबरोबर टाकी गार केली आणि झाडू मारणाऱ्यालाच झोपवलं. बिनवासाचा माल बिअरमध्ये तसाच पडून राहिला. मी चाखली तेव्हा तो होताच, फक्त त्याला वास नव्हता. सर्व्हिंग टँकला हलवताना थोडी हवा शिरली, टॅपची लाइन काउंटरखाली गरम व्हायची, आणि लोणी निघालं.

म्हणून साखर संपली की लागर पंधरा-सोळा डिग्रीपर्यंत वर येऊ द्यायची, दोन-तीन दिवस तशीच ठेवायची. आणि गार करण्याआधी दोन ग्लासांची परीक्षा. टाकीतून दोन सॅम्पल घ्या, दोन्ही झाका. एक साठ-पासष्ट डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दुसरं तसंच राहू द्या. मग पहिलं गार करून दोन्ही हुंगा. गरम केलेल्यात लोणी आलं आणि दुसऱ्यात नाही, म्हणजे लपलेला माल अजून शिल्लक आहे, थांबा. दोन्हींत आलं तरी थांबा. दोन्ही स्वच्छ, तर गार करा. याला लागतं काय? दोन ग्लास आणि एक भगोनं. वाळूजला हीच गोष्ट मशीनवर मोजत होतो, आकडा वहीत लिहीत होतो, तीन वर्षं! आणि कशासाठी मोजतोय हे एकदाही विचारलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

दुसरी गोष्ट, डायअ‍ॅसेटिलचा वास सगळ्यांना सारखा येत नाही. माझं नाक त्या बाबतीत बोथट आहे. हे कळल्यावर मी हादरलो होतो, ब्रुअर म्हणून संपलो असं वाटलं. संपत नाही कोणी. तुमचं नाक कशाला आंधळं आहे ते शोधा आणि त्या कामाला दुसऱ्याचं नाक लावा. माझ्याकडे तो किचनमधला पोरगाच आहे, त्याला मी ग्लास कुठला ते न सांगता देतो. "नाक आपोआप तयार होतं" असं म्हणणाऱ्या गुरूंपासून लांब राहा. मला असे दोन भेटले, दोघेही सिगारेट ओढायचे.

उलट केळीचा वास मला झोपेतही ओळखता येतो, तो घरचाच. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये यीस्ट आयसोअमाइल अ‍ॅसिटेट बनवतं, पिकल्या केळीतलंच ते. यीस्ट जरा उबेत आंबलं की वास वाढतो. बाबा एकदा पुण्याला आले, प्यायचा प्रश्नच नव्हता, पण ग्लास हुंगला आणि म्हणाले, "केयी जरा जास्तच पिकली." टाकी त्या खेपेला दोन डिग्री वर गेली होती खरी.

शिक्षणाचं थोडक्यात. मायक्रो, केमिकल, फूड टेक, काहीही चालतं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये फर्मेंटेशन आणि अल्कोहोलचं शिक्षण मिळतं. लंडनच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ ब्रुइंग अँड डिस्टिलिंग'च्या परीक्षा नोकरी सांभाळून देता येतात, मी तशाच दिल्या. शनिवार-रविवारच्या 'ब्रूमास्टर' कोर्सवर पैसे घालू नका. त्यात तुम्हाला मिळतो तो टी-शर्ट. आणि व्हिडिओ बघून घरी बादलीत लावायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, परवान्याशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे. करिअर सुरू होण्याआधी एक्साइजच्या वहीत नाव नको. रिकाम्या टाकीत डोकं घालू नका, हेही यातच सांगतो. खाली कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो, तो दिसत नाही, माणूस आत कोसळतो.

पगार सुरुवातीला कमी असतो. बाबांनी आकडा ऐकून केळीचा त्या दिवसाचा भाव विचारला होता. पण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात बसतो, आणि टाक्या धुणारा माणूस कुठल्याही ब्रुअरीत उपाशी राहत नाही.

गेल्या गुरुवारी तीन नंबरच्या टाकीचे दोन ग्लास किचनमध्ये पाठवले. पोरगा डावा ग्लास धरून बाहेर आला, "लोणी." मालकाचा फोन आला, शनिवारला टॅपवर येईल ना? म्हटलं, मंगळवारी. त्याने काही न बोलता फोन ठेवला. मंगळवारी पोराला दोन्हींत काही सापडलं नाही.