मक्कॉल्ली लावताय? आधी भात गार करायला जागा काढा

गेल्या छुसॉकला, म्हणजे इथल्या कोरियातल्या सुगीच्या सणाला, मी दोन किलो तांदळाची मक्कॉल्ली, म्हणजे तांदळाची दूधट दारू, नासवली. या वर्षी पुन्हा लावते आहे. इथल्या दोन मैत्रिणींनाही पहिल्यांदाच लावायची आहे, म्हणून सगळी तयारी एकदा लिहून काढते. माझं काय चुकलं ते आधीच सांगते, म्हणजे बाकीचं वाचलं नाही तरी चालेल: मी भात गार केला नाही. साहित्य उत्तम होतं, भांडं स्वच्छ होतं, फक्त भात गार नव्हता.

हे कोरियात राहणाऱ्यांसाठी आहे. घरच्यापुरती दारू घरात लावायला इथे 1995 पासून परवानगी आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय असं काही करणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कोणी नाशकात किंवा चिपळुणात भांडी काढू नका.

तारीख उलटी मोजा. छुसॉक चांद्र पंचांगाप्रमाणे येतो, दर वर्षी तारीख सरकते. पाहुणे येणार त्या दिवसापासून मागे तीन दिवस फ्रिजमध्ये मुरायला, त्याआधी दहा-बारा दिवस आंबायला, त्याआधी तीन दिवस नुरुक, म्हणजे विरजणासारखं आंबवण, उन्हात ठेवायला. म्हणजे सोळा ते अठरा दिवस. भर उन्हाळ्यात लावू नका. खोली तिशीच्या वर गेली की दारू हमखास आंबट होते. वीस ते पंचवीस अंश हवेत.

नुरुक म्हणजे भरड दळलेला गहू पाण्यात मळून, दाबून, वडीसारखा करून बुरशी धरू दिलेला. पारंपरिक बाजारात मिळतो. बुसानच्या गुमजॉन्गसानचा नुरुक पायांनी तुडवून पातळ चकतीसारखा करतात. तो मिळाला तर घ्या, नाहीतर साधा चालेल. पण आणल्या दिवशी वापरू नका. हरभऱ्याएवढे तुकडे करून ताटात पसरा आणि दोन-तीन दिवस उन्हात आणि रात्री खिडकीपाशी ठेवा. याला इथे बॉप्जे म्हणतात. उग्र, कोंदट वास जातो आणि नको ते जंतू कमी होतात. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग वासाची तक्रार करतात.

तांदूळ: चाप्सल, म्हणजे चिकट तांदूळ, दोन किलो. साध्या तांदळाचीही होते, पण पहिल्यांदा चिकटच घ्या, गोडवा येतो. नुरुक तीनशे ग्रॅम, पाणी अडीच लिटर. पाणी उकळून गार केलेलं. गार केलेलं, हे इथेही लिहिते.

तांदूळ धुणं म्हणजे आपण वरणभाताला दोन पाण्यांतून काढतो तसं नव्हे. इथे त्याला शंभर वेळा धुणं असा शब्द आहे. शंभर नाही, पण पाणी नितळ दिसेपर्यंत धुवायचंच, आणि हलक्या हाताने, दाणा तुटता कामा नये. रात्रभर भिजवा. सकाळी चाळणीत तासभर निथळत ठेवा. निथळला नाही तर वाफवताना खालचा थर लापशी होतो.

भांडं आठ लिटरचं. ओंगी, म्हणजे इथली मातीची बरणी, असेल तर छानच, पण पहिल्या खेपेला काचेची बरणी घ्या, आत काय चाललंय ते दिसतं. दोन तृतीयांशाच्या वर भरायची नाही, फेस वर चढतो. उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. पळी, कापड, हात, सगळं स्वच्छ. याबद्दल जास्त सांगत नाही, लोणचं घालणाऱ्यांना सांगायची गरज नसते.

आता जागा. मोदकपात्रापासून थर्मामीटरपर्यंत सगळं मी गेल्या वर्षी जमवलं होतं, पण भात पसरायचा कुठे याचा विचारच केला नव्हता. दोन किलो तांदळाचा वाफवलेला भात म्हणजे केवढा ढीग होतो, याची कल्पना नव्हती. रात्री साडेदहाला भात झाला. जेवणाच्या टेबलावर मुलाचं सायन्स प्रोजेक्ट मांडलेलं. मी भात दोन परातींत काढला, वर पंखा लावला, पाऊण तासाने वरून हात लावला, गार लागला. सकाळी ऑफिस होतं. मिसळून टाकला. मिसळताना बोटांना आतल्या गोळ्यांची ऊब लागत होती, आणि मला ती लागत होती हे मला आजही आठवतं. तरी मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी बोट बुडवून चव घेतली तर चक्क गोड. मी खूश. ती गोडीच धोक्याची खूण होती. नुरुकमध्ये बुरशी, यीस्ट आणि आंबटपणा आणणारे जीवाणू असे सगळे एकत्र नांदतात. बुरशीची विकरं भाताची साखर करतात, यीस्ट त्या साखरेची दारू करतं, आणि दोन्ही कामं एकाच बरणीत एकाच वेळी चालतात. गरम भातात विकरं उलट जास्त जोराने चालतात, पण यीस्ट चाळीस अंशांपुढे टिकत नाही. म्हणजे साखर होत राहते आणि तिचं काही करणारं कोणी उरत नाही. मग जीवाणूंचं फावतं. पाचव्या दिवशी बरणीतून व्हिनेगरसारखा वास यायला लागला. तरी आशेने गाळली. खालच्या मजल्यावरच्या हाल्मॉनी, म्हणजे आजी, यांना वाडगा दिला. त्यांनी दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेतला, वाडगा दोन्ही हातांनीच खाली ठेवला आणि विचारलं, "भात गार केला होता का?" एका घोटात कळलं त्यांना.

तर जेवणाचं टेबल रिकामं करा, आदल्या दिवशीच. त्यावर स्वच्छ सुती चादर. बांबूचा पसरट ताट असेल तर तो, दोन असतील तर दोन्ही. भात बोटभर जाडीचा पसरता आला पाहिजे, एवढी जागा. पातळ पसरलेला भात पंख्याखाली तास-दीड तासात गार होतो. परातीतला ढीग तीन तासांनी आतून गरमच असतो. चिकट तांदळाचे गोळे होतात आणि गोळ्याच्या पोटात उष्णता दबा धरून बसते, म्हणून हात ओला करून गोळे फोडत राहा, उलथत राहा. तपासायचा तो मधला भात. मधून मूठभर घ्या, दाबा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावा. जराही ऊब लागली तर थांबा. थर्मामीटर असेल तर पंचवीस. आणि वाफवायला सकाळी बसा, रात्री नाही. रात्री माणूस घाई करतो.

वाफवण्याबद्दल एवढंच: कुकरचा भात चालत नाही, तो ओला होतो. गोदुबाप हवा, दाणा बाहेरून कोरडा आणि आत पूर्ण शिजलेला. पात्रात ओलं कापड, वर तांदूळ, जोरदार वाफ आल्यापासून पन्नास मिनिटं, मध्ये एकदा गार पाण्याचा हबका मारून खालीवर करा, शेवटी दहा मिनिटं मंद. एक दाणा चावून बघा. मध्ये पांढरा ठिपका राहिला असेल तर अजून वाफवा.

भात गार झाला का? मग मिसळा. मोठ्या परातीत भात, नुरुक, पाणी, आणि वीस मिनिटं हाताने मळा. सुरुवातीला भात सगळं पाणी पिऊन टाकतो आणि वाटतं की पाणी कमी पडलं. कमी पडलेलं नसतं, वरून ओतू नका. मळता मळता दाणे मऊ होतात आणि पाणी पुन्हा सुटतं. बोटांमधून दूधट रस ओघळायला लागला की बरणीत भरा. तोंडाला सुती कापड बांधा, झाकण घट्ट लावायचं नाही, वायूला वाट हवी. आणि इथली घरं खालून तापतात हे विसरू नका: बरणी थेट जमिनीवर ठेवलीत आणि ओंदोल सुरू झालं, तर गार केलेल्या भाताचा काही उपयोग राहणार नाही. लाकडी पाटावर ठेवा.

पहिले तीन दिवस सकाळ-संध्याकाळ कोरड्या पळीने तळापासून ढवळा. दुसऱ्या दिवशी कान लावून ऐका, पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज येतो. मागच्या वर्षी माझी बरणी गप्प होती. आवाज आला नाही तर ओळखा. नंतर हात लावू नका. आठवड्याने दाणे खाली बसायला लागतात, वर पिवळसर नितळ थर येतो. पेटलेली काडी तोंडाशी धरायची जुनी पद्धत आहे: विझली तर अजून वायू निघतोय, जळत राहिली तर झाली.

गाळणं सोपं. सुती पिशवीतून पिळून काढा. निघेल ती वॉन्जू, कडक, जवळपास वाईनइतकी. गार केलेलं उकळलेलं पाणी जवळजवळ बरोबरीने घातलं की दुकानातल्यासारखी सौम्य होते. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पाऊण भरा, झाकण सैल, उभ्या ठेवा, फ्रिज. आडव्या ठेवल्यात तर गळतात, काचेच्या घट्ट बंद केल्यात तर फुटतात. तीन दिवसांनी प्या.

वाडगे उथळ, सोबत पाजॉन, म्हणजे कांद्याच्या पातीचं धिरडं. मोठ्यांना दोन्ही हातांनी ओतायची, आपला वाडगा आपण भरायचा नाही. चोथा फेकू नका, पिठात घालून वाफवला की त्याचा फुगलेला पाव होतो. आमच्या टेबलावरचं सगळं आजच उचललं आहे, चादर धुऊन वाळत घातली आहे. पहिली बाटली खालच्या मजल्यावर जाईल.